बाळाच्या खोलीला कोणता रंग द्यावा?

आपल्या जुन्या घरांत 'बाळाची खोली' असा स्वतंत्र प्रकार नव्हता. बाळंतिणीची खोली असे. ती घराच्या आतल्या अंगाला, वारा न लागणारी, काहीशी अंधारी असे. सव्वा महिना झाला की पाळणा माजघरात येई आणि बाळ घरातील सर्वांचे होई. भिंतींना दिवाळीपूर्वी चुना लागे, त्यात चिमूटभर नीळ पडे, आणि रंगाचा विषय तेथेच संपे. आता घरे बदलली. तीन खोल्यांच्या सदनिकेत एक खोली बाळासाठी राखली जाते, रंगाच्या दुकानातून छटांचे जाडजूड पुस्तक घरी येते, आणि जेवणाच्या टेबलाभोवती बसून सारे कुटुंब त्याची पाने उलटते. आजींना पिवळा शुभ वाटतो, आत्याला गुलाबी हवा असतो, होणाऱ्या बाबांनी मोबाइलवर पाहिलेला राखाडी मनात धरलेला असतो, आणि जिच्या बाळाची ही खोली, तिला कोणी विचारलेलेच नसते.

व्यापारी कुटुंबातील माणूस माल घेताना आधी वाण पाहतो, मग वजन, आणि वेष्टनाचा रंग सर्वांत शेवटी. भिंतीच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. छटा आधी ठरवतो. रंगात काय आहे, तो कशावर बसणार आहे आणि केव्हा लागणार आहे, हे कारागिरावर सोडून देतो. या लेखात हाच क्रम सुलटा करून पाहण्याचा प्रयत्न आहे.

गुलाबी आणि निळा

मुलीला गुलाबी आणि मुलाला निळा, ही वाटणी आपल्याकडची नव्हे, आणि जिथून ती आली तिथेही ती फार जुनी नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी या रंगांबाबत एकमत नव्हते. 1918 साली लहान मुलांच्या कपड्यांच्या व्यापाराला वाहिलेल्या तेथील एका नियतकालिकाने गुलाबी हा ठसठशीत रंग म्हणून मुलांसाठी आणि निळा हा नाजूक रंग म्हणून मुलींसाठी सुचवला होता. 1927 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने मोठमोठ्या दुकानांचे म्हणणे एकत्र छापले, तेव्हा दुकाने आपापसांतच सहमत नव्हती. आजची वाटणी दुसऱ्या महायुद्धानंतर घट्ट झाली. म्हणजे ज्याला आपण निसर्गनियम समजतो, तो पुष्कळ अंशी काउंटरवर घडलेला संकेत आहे. व्यापाराची रीत जाणणाऱ्यांना यात नवल वाटू नये. दोन मुलांसाठी दोन वेगळे संच लागले, की माल दुप्पट खपतो.

आपल्या देशात याला आणखी एक बाजू आहे. गर्भलिंगनिदानावर कायदा करण्यात महाराष्ट्राने 1988 साली पुढाकार घेतला आणि 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. जन्मापूर्वी मुलगा की मुलगी हे विचारणेही कायद्याला मान्य नाही, सांगणे तर नाहीच. खोली जन्मापूर्वी रंगवायची आणि रंग मात्र मुलगा-मुलगी पाहून ठरवायचा, ही गोष्ट आपल्या देशात जुळतच नाही. तेव्हा येणाऱ्या जिवाचे तो जो कोणी असेल तसे स्वागत करील असाच रंग निवडावा. भिंतीने आधीच कौल देऊन ठेवू नये. पुढे धाकटे भावंड आले तर तीच खोली त्यालाही चालते, हा लाभ वेगळा.

बाळाला काय दिसते?

आपण रंग निवडतो तो आपल्या डोळ्यांनी. नवजात बाळाची दृष्टी मात्र अगदी वेगळी असते. त्याला साधारण 20 ते 30 सेंटिमीटर अंतरावरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते. दूध पिताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. त्यापलीकडचे जग धूसर असते. आरंभी त्याला काळे-पांढरे, उजेड-सावली असे ठळक भेद कळतात. रंगांची ओळख हळूहळू वाढत जाऊन चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास ती बरीच पक्की होते. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत पिस्ता आणि मोतिया यांतील बारीक फरक बाळाच्या लेखी नसतोच. ती हौस आपली असते, आणि तशी ती असायला हरकतही नाही. पण ती बाळाची गरज म्हणून मांडू नये.

एक साधी गोष्ट मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. बाळ उताणे निजते. त्याच्या समोर भिंत नसते, छत असते. चार भिंतींसाठी आठ दिवस चर्चा होते आणि छताला 'पांढरा मारून टाका' असे सांगून आपण मोकळे होतो. छताला चकाकी नसलेला, दुधी किंवा सायीसारखा शांत रंग असावा. पाळण्याच्या बरोबर वर उघडा, झगझगीत दिवा नसावा. प्रकाश भिंतीवर पडून परावर्तित होईल अशी योजना केली तर बाळाच्या डोळ्यांना सुख होते.

दुसरी गोष्ट वैद्यकीय आहे. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात अनेक बाळांना कावीळ दिसते. बहुतेकांची ती सौम्य असते, पण तिच्याकडे लक्ष ठेवावे लागते, आणि बाळाची कांती नैसर्गिक उजेडात पाहावी असे डॉक्टर सांगतात. गडद पिवळ्या भिंतींवरून परतलेला प्रकाश बाळाच्या अंगावर पिवळी झाक टाकतो. गडद निळा वा हिरवा रंगही कांतीचा खरा वर्ण लपवतो. याच कारणासाठी नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात भडक रंगाच्या भिंती टाळल्या जातात. घरातील आजींना पिवळा हवा असेल तर तो अवश्य असावा, पण सायीत केशराची एक काडी चुरडावी इतका फिकट.

रंगाने बाळ शांत होते काय?

'हा रंग लावला की मूल शांत झोपते', असे रंगविक्रेते सांगतात आणि मासिकांतूनही छापून येते. याविषयी एक प्रसिद्ध कथा आहे. 1979 मध्ये अमेरिकेत सिएटल येथील नौदलाच्या एका बंदिगृहात कोठडीच्या भिंतींना विशिष्ट गुलाबी रंग देण्यात आला. त्या रंगाने कैद्यांचा आक्रस्ताळेपणा कमी होतो, असे जाहीर झाले. बंदिगृहाच्या दोन अधिकाऱ्यांच्या नावांवरून तो 'बेकर-मिलर गुलाबी' म्हणून गाजला आणि अनेक तुरुंगांनी तो उचलला. पुढे अधिक काटेकोर प्रयोग झाले, तेव्हा तो गुण काही सिद्ध झाला नाही.

यावरून रंग निरर्थक आहे असे म्हणायचे नाही. ज्या खोलीत आई रात्री तीन वेळा उठून बसणार आहे, त्या खोलीने तिचे मन प्रसन्न ठेवले तर ते बाळाच्याही हिताचे आहे. म्हणून माझ्या मते रंगाचा अंतिम अधिकार त्या आईचा. इतरांनी सूचना कराव्यात, मत द्यावे, आणि मग थांबावे.

भिंतीखालची भिंत

आता खऱ्या महत्त्वाच्या विषयाकडे येऊ. तो म्हणजे शिसे.

रंग झाकणारा, टिकाऊ आणि लवकर वाळणारा व्हावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालण्याची प्रथा जगभर होती. पांढऱ्यासाठी सफेदा, पिवळ्यासाठी शिशाचे क्रोमेट, आणि लोखंडी गजांना गंज लागू नये म्हणून लावला जाणारा शेंदूर, हे सारे शिशाचेच प्रकार. 1904 मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतातील डॉ. जे. लॉकहार्ट गिब्सन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तेथील मुलांना वारंवार होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ घरांच्या रंगवलेल्या भिंतींत आणि व्हरांड्याच्या कठड्यांत आहे, असे त्यांनी दाखवले. मुले कठड्याला धरून उभी राहत, रंगाची भुकटी हाताला लागे, आणि हात तोंडात जाई. 1922 मध्ये क्वीन्सलँडने मुलांचा हात पोहोचेल अशा ठिकाणी असे रंग वापरण्यावर कायद्याने निर्बंध आणले. 1921 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने रंगाऱ्यांच्या रक्षणासाठी पांढऱ्या शिशाविषयी करार केला. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर 1978 मध्ये बंदी घातली.

आपल्या केंद्र सरकारने घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाविषयीचे नियम 2016 मध्ये काढले आणि ते 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्यांनुसार रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे असता कामा नये, आणि तसा उल्लेख डब्यावर हवा. याचा व्यवहारातील अर्थ असा की, डब्यावर हा उल्लेख नसलेला, उत्पादकाचे नाव-पत्ता नसलेला, सुटा किंवा बिलाविना मिळणारा रंग बाळाच्या खोलीत येऊ देऊ नये. चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

पण त्याहून मोठा अर्थ असा की, 2017 पूर्वी रंगवलेल्या खिडक्या, दारे, गज आणि पाळणे यांवरील तैलरंगात शिसे असण्याचा संभव धरून चालावे. तोंडावाटे गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचे शरीर जेवढे शोषते, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाचे शरीर शोषते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा आघात वाढत्या मेंदूवर होतो. मूल आजारी दिसत नाही; पुढे त्याचे लक्ष टिकत नाही, अभ्यास मागे पडतो, आणि कारण कोणाच्याच ध्यानी येत नाही. शिशाची अमुक इतकी मात्रा निर्धोक, असे शास्त्राला आजही म्हणता येत नाही.

माझ्या परिचयातील एका कुटुंबाची हकीगत येथे सांगण्याजोगी आहे. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत खाली धान्याची आडत आणि वर राहते घर. वरच्या मजल्यावरील रस्त्याकडची खोली बाळासाठी ठरली. सागवानी खिडकीवर हिरवा, त्यावर निळा, त्यावर पांढरा असे तैलरंगाचे थर चढलेले. रंगारी म्हणाला, ज्योतीने जाळून खरवडतो, दोन दिवसांत खिडकी नवी दिसेल. सून सातव्या महिन्यात होती. तिने एवढेच विचारले, "बाबा, खरवडलेले सगळे जाणार कुठे?"

प्रश्न साधा होता. सासरे आयुष्यभर पोत्यात नळी खुपसून नमुना काढल्याखेरीज सौदा न करणारे. त्यांनी खपल्यांचा नमुना कागदात बांधून प्रयोगशाळेकडे पाठवला. शिशाचे प्रमाण आजच्या मर्यादेच्या पुष्कळ वर निघाले. धाकटा मुलगा म्हणाला, "आम्ही सगळे याच खिडकीत बसून मोठे झालो, आम्हाला काय झाले?" वडिलांचे उत्तर मला आवडले. ते म्हणाले, "काय झाले नाही ते आपल्याला कुठे मोजता आले? आता मोजले आहे, तर मोजल्यासारखे वागू." खिडकी चौकटीसह काढली आणि नवी बसवली. सुनेला माहेरी ठरल्यापेक्षा पंधरा दिवस आधी पाठवले. भिंतींवरचा जुना रंग कोरडा न घासता पाणी मारून काढला, जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसली, आणि निघालेली घाण परसात न टाकता पिशव्यांत बांधून बाहेर काढली. खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला. भिंतींना कोणता रंग द्यायचा, हे त्यानंतर ठरले. सुनेने माहेरून फोनवर सांगितले आणि कोणी वाद घातला नाही.

ज्यांना खिडकी बदलणे शक्य नाही त्यांनी निदान इतके करावे. जुना तैलरंग पक्का बसलेला असेल, कोठेही पोपडे नसतील, तर त्याला न छेडता वरून नवा निर्धोक रंग द्यावा. ज्योतीने जाळणे आणि कोरडे घासणे पूर्ण टाळावे. हे काम चालू असताना गर्भवती स्त्री व लहान मुले त्या घरात नसावीत. आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला रंगीत लाकडी पाळणा असेल, तर त्याचाही विचार याच दृष्टीने करावा. दात येऊ लागलेले मूल पाळण्याची कड चावते.

वास, ओल आणि मुहूर्त

नव्या रंगाचा जो वास येतो, तो त्यातून हवेत उडणाऱ्या रसायनांचा असतो. टर्पेंटाइनवर आधारलेल्या तैलरंगात ती अधिक, पाण्यावर आधारलेल्या इमल्शनमध्ये कमी. ती आणखी कमी असलेले रंग 'लो व्हीओसी' या नावाने मिळतात. येथे छटेचाही संबंध येतो. गडद छटेसाठी दुकानातील यंत्र पांढऱ्या रंगात अधिक रंगद्रव्य मिसळते, आणि त्या द्रव्यातूनही अशी रसायने येऊ शकतात. फिकट छटा या दृष्टीनेही बरी. दारे-खिडक्यांसाठी पाण्यावर आधारलेला इनॅमलही मिळतो.

बाळ येण्यापूर्वी निदान महिनाभर काम संपलेले असावे, आणि तो महिना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची आपली रीत येथे फार उपयोगी पडते. सासरची खोली रंगवून, वास उडून, धूळ बसून पुसली जाईपर्यंत आई-बाळ परतलेले नसतात. बाळ आधी माहेरच्याच खोलीत राहणार, हे मात्र विसरू नये. सगळी दक्षता सासरच्या खोलीत घेतली आणि माहेरी मात्र पोपडे निघालेल्या भिंतीशी पाळणा बांधला, असे होऊ नये. दोन्ही व्याह्यांनी याबाबत मोकळेपणाने बोलावे.

पावसाळ्यात रंगकाम करू नये. ओलसर भिंतीवर रंग धरत नाही आणि आत अडकलेल्या ओलीवर बुरशी वाढते. एकोणिसाव्या शतकात युरोपात सोमलयुक्त हिरव्या रंगाचे भिंतीचे कागद लोकप्रिय होते. त्यांवर वाढणारी बुरशी विषारी वायू सोडते, हे इटलीतील बार्तोलोमेओ गोसिओ या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. आज तो रंग नाही, पण बुरशी बाळाच्या श्वासाला आजही बाधकच आहे. काळे ठिपके दिसले की वरून रंगाचा हात मारून ते झाकू नयेत. नळ, गच्ची वा बाहेरची भिंत कोठे पाझरते ते आधी शोधावे. नवे प्लास्टर असेल तर ते मुरायला निदान 28 दिवस द्यावेत.

ब्रश आणि सरस

आपल्या घरांतून विचारला जाणारा एक प्रश्न येथे घेतो. रंगकामात प्राणिज वस्तू असतात काय? जुन्या पद्धतीच्या सुक्या डिस्टेंपरमध्ये रंग भिंतीला धरावा म्हणून सरस घालत, आणि सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. चांगल्या प्रतीचे अनेक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी मार्ग सोपा आहे. इमल्शन रंगात चिकटपणा कृत्रिम रेझिनचा असतो, आणि नायलॉनचे ब्रश व कृत्रिम धाग्याचे रोलर सर्वत्र मिळतात. रंगाऱ्याला हे काम ठरवतानाच सांगावे. भिंत अर्धी झाल्यावर सांगून उपयोग नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी 2021 मध्ये शेणावर आधारलेला 'खादी प्राकृतिक पेंट' बाजारात आणला आहे. तो डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन प्रकारांत मिळतो. ज्यांना असा पर्याय हवा त्यांनी त्याचाही विचार करावा.

उजेडात पाहून छटा ठरवावी

कापडाच्या पेढीवर जाणते गिऱ्हाईक साडी ट्यूबलाइटखाली पसंत करीत नाही; पदर हातावर घेऊन दुकानाच्या दारात उजेडात जाते. भिंतीचेही तेच आहे. पुस्तकातील बोटभर चौकोनावरून रंग ठरवू नये. दोन-तीन छटांचे लहान डबे आणून भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट पट्टे मारावेत, आणि ते सकाळी, दुपारी व रात्री दिव्याखाली पाहावेत. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी येणारा प्रकाश अबोलीला केशरी करतो, उत्तरेच्या उजेडात राखाडी थंड आणि उदास वाटतो. 2700 केल्विनचा पिवळसर दिवा आणि 6500 केल्विनचा पांढरा दिवा यांखाली एकच भिंत दोन वेगळ्या खोल्यांसारखी दिसते. शिवाय चारही भिंती एकमेकींवर प्रकाश फेकत असल्याने पुस्तकातील छटा खोलीत अधिक गडद भासते. आवडलेल्या छटेहून एक पायरी फिकट घ्यावी, हा अनुभवाचा नियम आहे.

आपल्या भाषेत रंगांची नावे किती नेमकी आहेत! मोतिया, बदामी, अबोली, श्रीखंडी, पिस्ता, दुधी, राखाडी. यांपैकी कोणताही फिकट रंग बाळाच्या खोलीला शोभतो. मोरपंखी, गुलबक्षी, अंजिरी हे ठळक रंग हवे असतील तर ते पडद्यात, दुपट्यात, खेळण्यांत आणावेत. ती बदलता येतात. भिंत वारंवार बदलता येत नाही. भिंत धुता येईल अशी मात्र असावी. मूल वर्षाचे झाले की रांगता-चालता भिंतीला हात लावते, आणि दोन वर्षांचे झाले की त्याच भिंतीवर खडूने आपले पहिले जमाखर्च लिहू लागते.

थोडा हिशेब

बारा बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेऊ. चार भिंतींची एकूण लांबी 44 फूट, म्हणून क्षेत्रफळ 440 चौरस फूट. सात बाय तीनचे दार 21 आणि चार बाय चारची खिडकी 16, ती वजा करता 403 उरले. छताचे 120 वेगळे. दोन हातांसाठी एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतात, हे डब्यावर छापलेले असते. समजा ते 100 असेल, तर भिंतींना सुमारे चार लिटर लागतील. कंत्राटदाराने त्याच खोलीला आठ लिटर लावले तर कारण विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. छटेचा क्रमांक घराच्या वहीत लिहून ठेवावा आणि उरलेला रंग घट्ट झाकून ठेवावा. पुढे डाग पडला तर तेवढीच जागा सावरता येते.

एकूण खर्चात मजुरी आणि लांबी-प्रायमर यांचा वाटा मोठा असतो. निर्धोक, प्रमाणित रंग आणि साधा रंग यांतील फरक एका खोलीपुरता पाहिला तर बारशाच्या जेवणावळीत चार पाने वाढली असती एवढाच निघतो. तो आनंदाने सोसावा. खिडकी तपासावी, ओल थांबवावी, डबा वाचावा, कोरडी घासाई करू देऊ नये, आणि महिनाभर हवा खेळू द्यावी. इतके झाल्यावर शेडकार्ड त्या होणाऱ्या आईच्या हाती द्यावे. तिने बोट ठेवले तो रंग योग्य.